जामखेडचा सन्मान कुणाचा?

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य 1970 मध्ये ग्रामीण आरोग्याचे काम करायला जामखेडला आले, तेव्हा त्या भागात जन्मणाऱ्या दर 1000 बाळांपैकी 176 बाळे वर्षाच्या आत दगावत होती. 1990च्या दशकात हा आकडा तिशीच्या खाली आला. दरम्यान 1979 मध्ये दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि 1990 मध्ये रजनीकांतांना पद्मभूषण. जामखेडचा इतिहास बहुतेक वेळा एवढ्यावरच आटोपतो: दोन थोर डॉक्टर, दोन मोठे सन्मान. नोंद खरी आहे, पण अपुरी. त्या बाळांचा जीव वाचवणारे हात मुख्यतः अशा बायकांचे होते, ज्यांचे नाव कोणत्याही मानपत्रावर आले नाही. पुरस्काराला एक चेहरा लागतो, समाज मात्र अनेकांच्या कष्टाने बदलतो, आणि या दोन गोष्टींतले अंतर आपण मोजतच नाही.

वेल्लोर आणि जॉन्स हॉपकिन्ससारख्या ठिकाणी शिकून आलेल्या आरोळ्यांनी आधी गावोगावी प्रशिक्षित परिचारिका नेमून पाहिल्या. त्या टिकेनात. बाहेरून आलेल्या एकट्या बाईला गावात राहणे अवघड, आणि गावाचाही तिच्यावर विश्वास बसेना. तेव्हा गावानेच आपल्यातली बाई निवडावी असे ठरले. निवडल्या गेलेल्यांत कितीतरी दलित होत्या, विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती. त्या नियमाने जामखेडला येत, एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. जातीची उतरंड घट्ट असलेल्या त्या काळात ही पंगत औषधाइतकीच मोलाची होती. जुलाबाने सुकलेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, बाळंतपणात स्वच्छता कशी राखायची, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा, हे शिकून त्या गावी परतत आणि घरोघर सांगत. 1972च्या दुष्काळाने हेही शिकवले, की पाणी आणि अन्न नसेल तर औषध फुकट जाते. म्हणून बोअर घेताना हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसवले गेले, आणि ज्या वस्तीत इतर लोक पाय ठेवत नसत तिथे साऱ्या गावाला पाण्यासाठी जावे लागले. यातले काहीही एका माणसाच्या कर्तबगारीने होणारे नव्हते.

1988 मध्ये वॉशिंग्टनच्या एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत या गावच्या आरोग्यसेविकांपैकीच एक, मुक्ताबाई पोळ, बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, की डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, सुंदर पण महागडे आणि हाताला न लागणारे. मग सोबत आणलेला दिवा लावून त्यांनी त्यावरून दुसरा पेटवला आणि ग्रामीण आरोग्यसेविकेचे काम असे असते हे दाखवले. झगमगाटाबद्दल याहून नेमके कुणी बोलल्याचे मला ठाऊक नाही.

यावर कुणी म्हणेल, पुरस्कारामुळेच जामखेड जगाला कळले. तिथे देशोदेशीचे विद्यार्थी शिकायला आले ते त्यामुळेच. शिवाय डॉक्टर नसते, तर या बायकांना शिकवले कुणी असते? दोन्ही आक्षेप रास्त आहेत. आरोळ्यांचा सन्मान अनाठायी होता असे मी म्हणत नाही. त्यांनी तो आपल्या कार्यकर्त्यांपर्यंत पोचवला, मुक्ताबाईंना त्या व्यासपीठावर उभे केले, आणि 1999 मध्ये मेबल व 2011 मध्ये रजनीकांत गेल्यावरही जामखेडचे काम चालू राहिले. पुरस्काराची किंमत ठरवायची ती इथे: मानकरी गेल्यावर काम उरले का? आणि ते सन्मानाआधीपासून होते का? जामखेडच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा गावरान वाणांची त्यांची बियाणे बँक आधीच उभी होती. सन्मानाने ते बियाणे दूरवर पोचवले, पेरले मात्र नव्हते.

झगमगाट मुळातच वाईट, असेही नाही. आमिर खान आणि किरण राव यांच्या पाणी फाउंडेशनने 2016 मध्ये वॉटर कप सुरू केला, तेव्हा सिनेमाचे सारे वलय कामाला जुंपले गेले. पण बक्षीस कुणा व्यक्तीला नव्हते, श्रमदान करणाऱ्या गावाला होते. पहिल्या वर्षी 50 लाख रुपये साताऱ्याच्या वेळू गावाला मिळाले. म्हणजे चेहऱ्याऐवजी गावाचा गौरव करता येतो, आणि तो लोकांना भावतोही.

जामखेडच्या बायकांनी घालून दिलेली वाट पुढे देशाने धरली. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि गावोगावी ‘आशा’ या आरोग्यसेविका नेमल्या गेल्या. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या सुमारे 10 लाख आशांचा एकत्रित गौरव केला. चेहऱ्यांचा आग्रह सोडून दिलेला, खरोखर कामाचा म्हणावा असा तो सन्मान होता. त्यानंतर दीड वर्षही उलटले नव्हते, तोच ऑक्टोबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या आशा सेविकांना मानधनवाढीसाठी संप करावा लागला, आणि पुढच्या फेब्रुवारीत त्या मुंबईच्या आझाद मैदानात ठिय्या देऊन बसल्या होत्या.