लपवलेला थर्मामीटर

मोड आणून वाळवलेले जव म्हणजे माल्ट. ते भरडून गरम पाण्यात तासभर मुरवले, की त्यातल्या स्टार्चची साखर होते. बिअरचा पाया हाच. मिश्रण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसवर टिकवायचं. जास्त तापलं, तर साखर करणारी एन्झाइम्स निकामी होतात. निवलं, तर काम रेंगाळतं.

थर्मामीटर नव्हता तेव्हा? इंग्लंडमध्ये उकळतं पाणी निवत ठेवत. वाफ विरून त्यात चेहरा दिसला, की माल्ट घालत. मध्य युरोपात मिश्रणाचा ठरावीक हिस्सा उकळून पुन्हा उरलेल्यात ओतत. उकळबिंदू ठरलेला, त्यामुळे हिशेब जमे.

१७६२ मध्ये मायकेल कॉम्ब्रून यांनी ग्रंथ लिहून थर्मामीटरचा पुरस्कार केला. ऑल्टनच्या जेम्स बेव्हरस्टॉक यांना मात्र तो वडिलांपासून लपवून वापरावा लागला. माल्टमधलं एन्झाइम पायेन आणि पर्सो यांनी वेगळं केलं ते १८३३ मध्ये! कारण कळण्याच्या सत्तर वर्षं आधी आकडा हाती होता.

मला त्या वडिलांची धास्ती समजते. उभ्या आयुष्याचं कसब आकड्यात उतरलं, की ते कोणालाही शिकता येतं. पण म्हणूनच ते उस्तादाबरोबर संपत नाही.