पंडिता रमाबाई आणि ‘नम्र’ या शब्दाचा अर्थ

ख्रिस्ती माणसाच्या अंगी कोणते गुण असावेत, या विषयावर आमच्या मंडळीत वर्षातून एकदा तरी उपदेश होतोच. पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रातले नऊ गुण आम्ही लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केले होते. अजूनही कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी ते ओळीनं म्हणून दाखवीन. माझी तक्रार त्या यादीबद्दल नाही. तक्रार एवढीच, की त्यातला ‘सौम्यता’ हा शब्द आला की बोलणाऱ्याची नजर हमखास बायकांच्या बाकांकडे वळते. नम्र असावं, उलट बोलू नये, वडीलधाऱ्यांचं आणि पाळकसाहेबांचं ऐकावं, वगैरे. आणि गंमत म्हणजे असं सांगून झालं की उदाहरण म्हणून नाव येतं पंडिता रमाबाईंचं!

माझ्या भाच्या-पुतण्या हा ब्लॉग वाचतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. रमाबाई नम्र होत्याच, पण कोणापुढे, हे बघायला हवं.

त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्यापायी समाजाचा रोष ओढवून घेतला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरत राहिलं. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील आणि बहीण अशी तिघं गेली. उरले रमाबाई आणि त्यांचा भाऊ. दोघं चालत चालत उत्तरेकडे गेली आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न झालं आणि १८८२ मध्ये तेही वारले. पदरात मनोरमा नावाची लहानगी. वय तेवीस. हे सगळं थोडक्यात सांगितलं, कारण शाळेच्या पुस्तकात एवढं येतंच. पुढचं सहसा येत नाही.

१८८३ मध्ये रमाबाई वैद्यकी शिकायला म्हणून इंग्लंडला गेल्या. कानांनी कमी ऐकू यायला लागल्यामुळे ते शिक्षण झालंच नाही. उतरल्या त्या वाँटेज इथल्या धर्मभगिनींकडे. (याच भगिनी पुण्यात पंचहौदलाही काम करत. ज्या पंचहौदला १८९० मध्ये पुढाऱ्यांनी चहा घेतला आणि पुणं हादरलं, तेच ते.) या भगिनींनी लंडनजवळ फुलहॅमला ‘वाट चुकलेल्या’ म्हणून टाकून दिलेल्या बायकांसाठी घर चालवलं होतं. तिथं त्या बायकांना मिळणारी माणुसकीची वागणूक रमाबाईंनी पाहिली. असं का करता, म्हणून विचारलं, तेव्हा शोमरोनी बाईची गोष्ट त्यांना वाचून दाखवण्यात आली. योहानाचा चौथा अध्याय. जिच्याशी गावात कोणी बोलत नाही, तिच्याकडे विहिरीवर पाणी मागणारा येशू. ती गोष्ट रमाबाईंच्या मनात रुतून बसली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आता खरी गोष्ट सुरू होते. बाप्तिस्मा झाला म्हणजे बाई आता सांगू ते ऐकेल, अशी तिथल्या धर्माधिकाऱ्यांची समजूत असावी. ती फार टिकली नाही. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केला. ग्रंथालयात मिळाला तर जरूर वाचा. इंग्रजीत आहे, पण त्याचा धाक वाटून घेऊ नका.

त्या पत्रांत काय नाही! त्रैक्याचा सिद्धांत बुद्धीला पटल्याशिवाय तोंडानं म्हणणार नाही, असं रमाबाई सांगतात. शाकाहार सोडत नाहीत. हा जुना जातीचा गर्व आहे, असं धर्ममातेला वाटतं. रमाबाईंना त्यात गर्वाचा काही संबंध दिसत नाही. क्रुसावर कोरायच्या शब्दांचा वाद तर मला फार आवडतो. ते शब्द लॅटिनच का? आमच्या संस्कृतपेक्षा लॅटिन जास्त पवित्र आहे का? हा प्रश्न विचारणारी बाई पंचविशीतली, परक्या देशात, परक्यांच्या आश्रयाला, कडेवर लहान मूल. सगळा खर्च समोरच्यांच्या हातात!

चेल्टनमच्या कॉलेजात मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्या हाताखाली त्या शिकत होत्या आणि शिकवतही होत्या. तिथं तरुण मुलग्यांना शिकवायची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. अशानं म्हणे त्यांची स्वदेशातली पत जाईल. रमाबाईंनी कळवलं, की माझ्या आईनं किंवा मी पुरुषांना शिकवण्याला ना माझ्या वडिलांची हरकत होती, ना माझ्या नवऱ्याची. मग ही आत्ता कुठून आली? एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, दुसऱ्याचं चढवून घ्यायची माझी तयारी नाही, असंही त्यांनी लिहिलं.

यात उद्धटपणा दिसतो का? सिस्टर जेराल्डिनना दिसला, आणि तसं त्यांनी कळवळून लिहिलंही. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण मी जन्मभर वर्गात पोरं हाताळली. प्रश्न विचारणारा मुलगा आणि उर्मट मुलगा यांतला फरक मास्तरणीला कळतो. उर्मट मुलाला उत्तर नकोच असतं. रमाबाईंना हवं होतं. ‘माझी साक्ष’मध्ये (१९०७) त्यांनी स्वतःच कबूल केलंय, की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला पुढे कित्येक वर्षं जावी लागली. मिशनच्या जगात एवढं नाव झालेल्या बाईनं हे छापून सांगायचं, याला मी नम्रता म्हणते.

त्यांच्या आयुष्यातलं एक प्रकरण मात्र मला अजून पुरतं सुटलेलं नाही. अमेरिकेतून पैसा उभा करून त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथं धर्मशिक्षण द्यायचं नाही, असा करार होता. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे आणि मुली येऊन बसत. ‘केसरी’नं झोड उठवली, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, लोकांनी मुली काढून नेल्या. आमच्यातले लोक ही गोष्ट सांगताना पुणेकरांनाच दोष देतात. मला तसं म्हणवत नाही. दाराच्या आत बसलेली बाई त्या मुलींची अन्नदाती आणि गुरू होती. अशा माणसाचं उघडं दार हेच आमंत्रण असतं. सल्लागारांची शंका अगदीच बिनबुडाची नव्हती. दुसऱ्या बाजूनं, स्वतःच्या घरात दार लावून, चोरासारखी प्रार्थना करा, असं तरी त्यांना कोण सांगणार? शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या आणि हिंदूच राहिल्या, हेही विसरू नये.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतात मुली रस्त्यावर पडल्यात, हे कळल्यावर रमाबाई स्वतः गेल्या. वीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार त्यांना आठवत होती. मुली घेऊन पुण्यात आल्या, तर प्लेगच्या नियमांमुळे इतकी माणसं ठेवता येईनात. दौंडच्या वाटेवर केडगावला शारदा सदनासाठी घेतलेली शंभर एकरांच्या आसपास जमीन होती. तिथं झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्यातून मुक्ती मिशन झालं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. फुलहॅमला पाहिलं होतं, तसं टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदनही निघालं.

केडगावचं नाव निघालं की लोक १९०५ च्या संजीवनाबद्दल बोलतात. रात्र रात्र प्रार्थना, रडणं वगैरे. तेही झालं. पण माझं मन अडकतं ते दोन हजार माणसांच्या रोजच्या भाकरीत. दळण किती लागत असेल? विहिरी खणायच्या, माग चालवायचे, आंधळ्या मुलींना वाचायला शिकवायचं, आजारी पडलेल्यांची उस्तवार करायची, आणि हे एक दिवस नव्हे, वर्षानुवर्षं. गलतीकरांच्या यादीत ‘विश्वासूपणा’ही आहे, पण त्यावर आमच्याकडे फारसा उपदेश होत नाही.

या रगाड्यात त्यांनी बायबलचं भाषांतर हातात घेतलं. तेव्हाचं मराठी बायबल खेड्यातल्या बाईला जड जातं, हे त्यांना रोज दिसत होतं. मूळ इब्री आणि ग्रीक वाचता यावं म्हणून पन्नाशीच्या आसपास त्या भाषा शिकल्या. संस्कृतात गाजलेली ही पंडिता पुन्हा धुळाक्षरांपासून सुरुवात करून शब्दकोश चाळत बसली. छपाई केडगावलाच, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बायका. नवा करार १९१३ मध्ये निघाला. व्याकरण शिकवणारी म्हणून सांगते, वाचताना काही ठिकाणी अडखळायला होतं. मूळ शब्दाला चिकटून राहायचं म्हणून मराठी वाक्याला थोडं कळ सोसायला लावलंय. पण चुलीपाशी बसलेल्या बाईला कळावं, ही धडपड पानोपानी दिसते.

१९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. सगळा कारभार आता त्यांच्यावरच सोपवायचा होता. रमाबाई त्यानंतरही मुद्रितं तपासत राहिल्या. शेवटची पानं पुरी करायला त्यांनी देवाकडे दहा दिवस मागून घेतले होते, असं सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. सबंध बायबल १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडलं.