काळा पडदा आणि तोतया

इ. स. १७६४ च्या डिसेंबरात लंडनमध्ये 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' नावाची एक कादंबरी प्रसिद्ध झाली. १५२९ साली नेपल्सला छापलेल्या इटालियन ग्रंथाचे हे भाषांतर होय, असे प्रस्तावनेत म्हटले होते. पुढल्याच वर्षी दुसऱ्या आवृत्तीत होरेस वॉलपोल यांनी कबुली दिली, की मूळ ग्रंथ वगैरे काही नाही, लेखक आपणच. भयकथेच्या या 'गॉथिक' परंपरेचा जन्मच असा फसवणुकीतून झाला.

तीस वर्षांनी, १७९४ साली, ॲन रॅडक्लिफ यांनी ती कला पूर्णत्वास नेली. त्यांची नायिका उडोल्फोच्या किल्ल्यात काळा पडदा दूर सारते आणि मूर्च्छित होऊन पडते. तिने पाहिले ते प्रेत नसून मेणाची आकृती होती, हे वाचकाला शेकडो पाने उलटल्यावर कळते. डोळ्यांनी काही खोटे पाहिले नव्हते. त्याचा अर्थ भयाने लावला.

भयाप्रमाणे आशाही डोळ्यांना फसविते. त्याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. पण पार्वतीबाईंनी ते कधीच मान्य केले नाही. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत 'मीच भाऊ' म्हणणारा एक इसम पुढे आला. चौकशीत तो तोतया ठरला आणि कैदेत पडला. तेवढ्याने प्रकरण मिटले नाही. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यावर रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला मुक्त केले, आणि पाहता पाहता कोकणचा बराचसा मुलूख त्याच्यामागे गेला. अखेर रघुजी आंग्र्यांनी त्याला पकडले व त्या वर्षअखेरीस पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. पुढे न. चिं. केळकरांनी या बंडावर नाटक लिहिले.

त्याच्यामागे गेलेले सारेच भोळे नव्हते. कित्येकांचा त्यात राजकीय स्वार्थ होता. पण ज्या घरांतली माणसे पानिपताहून परतली नव्हती, त्यांच्या मनाचा विचार करा. भाऊ परत येऊ शकतात, तर आपला मुलगा का नाही? अशा डोळ्यांना चेहऱ्यातला फरक कसा दिसावा?

कादंबरीत शेवटच्या प्रकरणी पडदा उघडतो आणि वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो. शनिवारवाड्यात वाट पाहणाऱ्या त्या स्त्रीसाठी मात्र तोतयाच्या मृत्यूनेही काहीच उलगडले नाही. एक खोटा मनुष्य गेला, एवढेच सिद्ध झाले.