कादंबरी पुरावा नसते, मग वाचायची कशाला?

मॅडलीन थिएन यांच्या ‘डू नॉट से वी हॅव नथिंग’ (२०१६) या कादंबरीत झूलीचे आईवडील श्रमछावणीत जातात आणि ती शांघायला मावशीकडे येते. असं घडलं, याचा हा पुरावा का? अजिबात नाही. माझं शिक्षण विज्ञानातलं. माझ्यासाठी कादंबरी म्हणजे गृहीतक, विदा नव्हे. पण प्रश्न भारी सुचतात.

उदाहरणार्थ, सरकार घर तोडतं म्हणजे कागदावर नेमकं काय करतं? इथे ‘हुकोऊ’ बघा, म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंद. जानेवारी १९५८ च्या नियमांनी ती देशभर पक्की झाली. शहरातलं धान्याचं रेशन या नोंदीवरच मिळायचं. डिसेंबर १९६८ मध्ये माओने शहरी शिकलेल्या तरुणांना खेड्यात जायला सांगितलं आणि दीड कोटीहून जास्त पोरं गेली. जाताना हुकोऊही सहसा खेड्यात जायचा. म्हणजे पोरगी सुट्टीला घरी आली, तरी आईच्या रेशनमध्ये तिचा वाटा नाही! परतायचं तर नोंद परत शहरात आणायची, आणि ते महाकठीण.

आता कादंबरी पुन्हा उघडा आणि प्रत्येक ताटातुटीशेजारी पेन्सिलीने लिहा: या माणसाची नोंद आत्ता कुठे आहे?