माथेरानचा दस्तरखान

उर्दू शाळेची सहल माथेरानला निघाली की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, वहाँ खाना कहाँ मिलेगा?" घरून निघताना अम्मीने बजावलेले असते की हलाल असेल तरच खा. त्यामुळे नेरळ स्टेशनवर उतरेपर्यंत हा प्रश्न दहा वेळा विचारून होतो. आम्हीही पूर्वी एका वाक्यात उत्तर देऊन मोकळे व्हायचो. पुढे वाटू लागले की या साध्या प्रश्नात माथेरानचा सारा इतिहास दडलेला आहे. तो मुलांना सांगितला नाही, तर आम्ही शिक्षक कशाला झालो?

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 च्या मे महिन्यात चौकच्या बाजूने हा डोंगर चढले. पुढे त्यांनी इथे घर बांधले. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या जागेचे थंड हवेचे ठिकाण केले. पुस्तकात लिहिले जाते की मॅलेटने माथेरान 'शोधले'. पण ठाकूर, कातकरी आणि धनगर या डोंगरावर आधीपासूनच वावरत होते. रानातली करवंदे, जांभळे, आंबे आणि कंद हे माथेरानचे पहिले अन्न. आजही उन्हाळ्यात पॉइंटच्या वाटेवर ठाकूर बाया पानांच्या द्रोणात करवंदे-जांभळे घेऊन बसतात. इथली सर्वांत जुनी खानावळ कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही त्या टोपलीकडे बोट दाखवतो.

साहेब आले तेव्हा त्यांची भूकही सोबत आली. पाव, लोणी, मटण, पीठ, तांदूळ यातले काहीच वर पिकत नव्हते. सगळे नेरळहून डोक्यावर, कावडीवर किंवा तट्टाच्या पाठीवर चढायचे. बंगल्यातला साहेब आपल्या खानसाम्याच्या हातचे जेवायचा. मागून पारशी मंडळी आली, त्यांची हॉटेले निघाली, मग गुजराती कुटुंबांसाठी शाकाहारी भोजनाची सोय झाली. ज्याने त्याने आपापली पंगत मांडली. ओझे वाहणारा मात्र बाजाराच्या कडेला बसून घरून आणलेली भाकरी खायचा.

या ओझ्याला चाके लावली ती एका मुसलमान घराण्याने. सर आदमजी पीरभॉय मूळचे काठियावाडातील धोराजीचे, दाऊदी बोहरा. लहानपणी गरिबीत मुंबईच्या रस्त्यावर काडेपेट्या विकणारा हा मुलगा पुढे फौजेला तंबू पुरवणारा मोठा व्यापारी आणि गिरणीमालक झाला. 1897 मध्ये ते मुंबईचे शेरीफ होते. असे सांगतात की एकदा नेरळला उतरल्यावर त्यांना वर जायला ना घोडा मिळाला ना पालखी, आणि तिथेच रेल्वेचा विचार पक्का झाला. ही हकीकत असो की आख्यायिका, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी 1904 मध्ये काम सुरू केले आणि 22 मार्च 1907 रोजी गाडी धावली. रूळ दोन फूट रुंदीचे, वाट सुमारे 21 किलोमीटरची, खर्च सुमारे सोळा लाख रुपये, आणि तोही घरच्या पैशाने! त्याच वर्षीच्या डिसेंबरात कराचीत मुस्लिम लीगचे पहिले अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष सर आदमजीच होते. इतिहासाच्या पुस्तकात त्यांची ती एक ओळ सापडते. रेल्वेची ओळ मात्र आमच्याच मुलांना ठाऊक नसते. मुले त्याच गाडीत बसून गाणी म्हणतात, आणि गाडी इंग्रजांनी बांधली असे समजतात.

माथेरानच्या मातीतला दुसरा माणूस म्हणजे भाई कोतवाल. 1912 मध्ये इथल्या एका गरीब नाभिक घरात त्यांचा जन्म झाला. वकील झाले, नगरपालिकेत गेले. खाली कर्जतच्या बाजूला सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठी काढली. वर पाहुण्यांच्या टेबलावर मुबलक जेवण आणि पायथ्याला पिकवणारा उपाशी, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर त्यांना वीरमरण आले.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. माथेरान स्टेशनाबाहेर पडले की महात्मा गांधी रस्त्यावर बाजार लागतो. गुजराती थाळी, वडापाव, कांदापोहे, पुरीभाजी, मक्याचे कणीस आणि चिक्कीची दुकाने सगळी इथेच आहेत. बाजारात मुसलमानांचीही वस्ती आहे, मशीद आहे, आणि बिर्याणी-खिम्याची छोटी हॉटेलेही. निःसंकोच विचारावे, लोक पत्ता सांगतात. मोठ्या हॉटेलांत राहण्याच्या भाड्यातच बहुधा जेवण धरलेले असते, तेव्हा खोली घेतानाच काय शिजते ते विचारून घ्यावे. पावसाळ्यात बरीच दुकाने बंद असतात. आणि हातातला खाऊ माकडांपासून सांभाळावा!

चहाला चार पैसे जास्त पडले की आपण कुरकुर करतो. पण माथेरानात मोटारीला बंदी आहे. दस्तुरी नाक्यापुढे गॅसचे सिलिंडर, दुधाचे कॅन, कांद्याची पोती घोड्यावर, हातगाडीवर नाहीतर माणसाच्या खांद्यावर चढतात. 26 जुलै 2005 च्या पावसात रूळ वाहून गेले, तेव्हा गाडी 2007 मध्येच परतली. 2019 च्या पावसाने पुन्हा मार्ग उखडला आणि नेरळहून गाडी सुरू व्हायला 2022 चा ऑक्टोबर उजाडला. गाडी थांबली तरी चूल थांबली नाही, कारण पाठी थांबल्या नाहीत. माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि त्या चालकांना ई-रिक्षा द्या, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिला. साहेबाच्या काळातले ओझे उतरवायला एवढी वर्षे लागली!

आम्ही आता मुलांना सांगतो, "हलाल आहे का हे जरूर विचारा. पण हलाल हा शब्द सुरीपाशी संपत नाही. हे अन्न कोणी वर आणले आणि त्याला त्याची मजुरी वेळेवर मिळाली का, हेही त्याच शब्दात येते. आपल्या दीनची ताकीद दोन्हींची आहे."

मागच्या सहलीत एका मुलाने आपल्या डब्यातला अर्धा पराठा ओझे उतरवून टेकलेल्या एका हमालापुढे धरला. त्या माणसाने हसून तो घेतला आणि खिशातली मूठभर करवंदे मुलाच्या हातावर ठेवली. दोघे एकाच दगडावर बसून जेवले. त्या दिवशी "खाना कहाँ मिलेगा" हा प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही.