स्वमग्नता : दोष आईवर का आला?

"डॉक्टर, मी दिवसभर द्राक्षबागेत असते, म्हणून पोरगं बोलत नाही का?" दिंडोरीत हा प्रश्न आजही खालच्या आवाजात विचारला जातो. तो आला कुठून?

१९४३ मध्ये अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करून ऑटिझमला, म्हणजे स्वमग्नतेला, वेगळी ओळख दिली. हा दोष जन्मजात असावा, असे त्यांनीच लिहिले होते. पण पालक फारसे मायाळू वाटले नाहीत, अशीही नोंद केली. पुढे लोकांनी नेमके तेवढेच उचलले आणि आईचा कोरडेपणा हेच कारण ठरले! १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी ते खोडून काढले. ते मानसशास्त्रज्ञ होते, आणि अशाच एका मुलाचे वडीलही. मेंदूची जडणघडणच वेगळी असते. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ते आले आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यातील २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. तोवर कित्येक मुलांवर 'मतिमंद' हाच शिक्का बसला.

वर्षाचे बाळ नावाने हाक मारूनही वळत नसेल, दीड वर्षाचे बोट दाखवत नसेल, तर लगेच तपासून घ्या. 'मुलगे उशिराच बोलतात,' असे सांगून मीही पूर्वी काही पालकांना परत पाठवले आहे.