संगणक-जाळ्यांमधील वाहतुकीचे मापन आणि मुक्तस्रोत साधनांची निवड : एक ऐतिहासिक आढावा (१९८८ ते २००८)

प्रस्तावना :
दोन स्वतंत्र संगणक-जाळी जेथे जोडली जातात, तेथे वाहतुकीची मोजणी हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही. जोडणीचे शुल्क, तिची क्षमता आणि उभयपक्षी विश्वास या मोजणीवर अवलंबून असतो. त्यासाठी विद्यापीठे व संशोधनसंस्थांत निर्माण झालेल्या मुक्तस्रोत साधनांचा आणि त्यांच्या निवडीमागील निकषांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पॅकेटची तपासणी :
अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत १९८८ च्या सुमारास व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस व स्टीव्हन मॅकॅन यांनी ‘टीसीपीडम्प’ विकसित केले. १९९३ मध्ये मॅकॅन व जेकबसन यांनी मांडलेल्या चाळणीपद्धतीमुळे अनावश्यक पॅकेट संगणकाच्या गाभ्यातच वगळणे शक्य झाले. दोष शोधण्यास हे साधन उत्तम. परंतु गजबजलेल्या जोडणीवर प्रत्येक पॅकेट टिपणे खर्चिक ठरते आणि त्यात खासगी मजकूर उघड होण्याचा धोकाही असतो.

एकूण वाहतुकीची नोंद :
इंग्लंडमधील डी माँटफर्ट विद्यापीठात टोबियास ओटिकर यांनी १९९४ मध्ये अवघ्या ६४ किलोबिटच्या जोडणीवर लक्ष ठेवण्यासाठी एक छोटी आज्ञावली लिहिली. तीच १९९५ मध्ये ‘एमआरटीजी’ म्हणून प्रसिद्ध झाली. राउटरमधील गणक दर पाच मिनिटांनी वाचून ती आलेख काढत असे. १९९६ मध्ये डेव्ह रँड यांनी तिचा संथ भाग सी भाषेत नव्याने लिहून दिला. आज्ञावली खुली नसती, तर बाहेरच्या व्यक्तीस ही सुधारणा करता आली नसती.

पाच मिनिटांच्या नोंदींपैकी सर्वोच्च पाच टक्के वगळून शुल्क आकारण्याची पद्धत रूढ झाल्यावर ग्राहकास पुरवठादाराचे देयक स्वतःच्या नोंदींशी ताडून पाहता येऊ लागले. मात्र एमआरटीजी व ओटिकर यांचेच ‘आरआरडीटूल’ (१९९९) जागा मर्यादित ठेवण्यासाठी जुन्या नोंदींची सरासरी काढतात. त्यामुळे शिखरे पुसट होतात. देयकाच्या पडताळणीसाठी मूळ नोंदी वेगळ्या जपाव्या लागतात. तसेच ३२ बिटांचा गणक पूर्ण भरलेल्या एक गिगाबिटच्या जोडणीवर सुमारे ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. तेथे ६४ बिटांचा गणकच हवा.

प्रवाहांची नोंद :
वाहतूक किती हे कळले, तरी ती कोणाची, हा प्रश्न उरतोच. १९९६ च्या सुमारास सिस्को कंपनीने आणलेल्या ‘नेटफ्लो’ने मजकूर न टिपता उगम, गंतव्य आणि बाइट यांची नोंद सुरू केली. तिच्या विश्लेषणासाठी ओहायो स्टेट विद्यापीठात ‘फ्लो-टूल्स’, तर विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्ह प्लाँका यांचे ‘फ्लोस्कॅन’ तयार झाले. विश्लेषणाची साधने खुली असली, तरी नोंदीचा आराखडा मात्र एका कंपनीच्या हाती होता. नेटफ्लोच्या नवव्या आवृत्तीवर आधारलेले ‘आयपीफिक्स’ हे सामाईक मानक २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ही उणीव बऱ्याच अंशी दूर झाली.

निष्कर्ष :
१. साधनाची निवड प्रश्नानुसार व्हावी : दोष शोधण्यास पॅकेट, क्षमतेसाठी गणक, भागीदार ओळखण्यास प्रवाह.
२. साधन विनामूल्य असणे हा दुय्यम लाभ होय. दोन्ही पक्षांना मोजणीची रीत तपासता येणे हे त्याचे खरे मोल आहे.
३. खुल्या आज्ञावलीस खुल्या मानकाची जोड नसेल, तर ही पारदर्शकता अपुरी राहते.